लुळा हात आणि विजेचा प्रवाह

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी दरवर्षी एखाद्या पदार्थाची कृती देत असे. यंदा चिटणीसबाईंनी बजावले की, कृती पुष्कळ झाल्या, तुम्ही इतिहासावर काही लिहा. इतिहास म्हटला की आपल्याला गड, लढाया आणि राजेरजवाडे आठवतात. परंतु आपल्या घरांत येणाऱ्या दुखण्यांनाही इतिहास असतो, आणि त्यांवरील उपायांनाही असतो. आपल्या सभासदांपैकी कितीजणींच्या घरी अर्धांगवायूचे रुग्ण आहेत हे मी येथे मोजीत नाही. पण हळदीकुंकवाला चौघीजणी बसल्या की एक प्रश्न हटकून निघतो. "ते करंटचे मशीन आणले आहे, त्याने हात येतो का हो?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी अडीचशे वर्षे मागे जाऊन पोहोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी ग्रंथांतील मजकूर माझ्या नणंदेच्या मुलीने वाचून समजावून दिला. ती फिजिओथेरपीचे शिक्षण घेत आहे. मी तो माझ्या भाषेत मांडीत आहे.

प्रथम दुखणे काय आहे ते पाहू. आपण "अंगावरून वारे गेले" असे म्हणतो. खरोखर वारा कोठून येत नाही आणि जातही नाही. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर नावाच्या वैद्याने १६५८ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की, अशा झटक्याने मेलेल्या माणसांच्या मेंदूत रक्त सांडलेले सापडते. आज आपल्याला ठाऊक आहे की, मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बुजते किंवा फुटते आणि तेवढ्या भागाचे पोषण बंद पडते. मेंदूच्या डाव्या बाजूकडून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी बहुतेक वाटेत पलीकडे ओलांडून उजव्या अंगाकडे जातात. म्हणून इजा डावीकडे आणि लुळेपणा उजवीकडे, असा उलटा प्रकार दिसतो.

आपल्या घरातल्या उदाहरणाने सांगते. दिवा लागत नाही तेव्हा तीन गोष्टी संभवतात. दिवाच गेलेला असतो, किंवा मधली तार तुटलेली असते, किंवा मीटरजवळच्या फळीवर काहीतरी जळालेले असते. अर्धांगवायूत दिवा शाबूत असतो, भिंतीतली तारही शाबूत असते. जळालेली असते ती फळी. हात हा दिवा, आणि मेंदू ही फळी. आपण मात्र तेल घेऊन दिवा चोळीत बसतो. तेल लावू नये असे माझे म्हणणे नाही. तेलाने सांधा मोकळा राहतो आणि आजाऱ्याला बरे वाटते. परंतु हुकूम जेथून सुटायचा ती जागा दुसरीकडेच आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा सारा इतिहास नीट कळेल.

विजेने दुखण्यावर उपाय करण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इ. स. ४७ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की, डोकेदुखीवर आणि पायाच्या वातरक्तावर समुद्रातला झटका देणारा जिवंत मासा लावावा. अंग बधिर झाले म्हणजे दुखणे थांबते, एवढीच त्यामागची समजूत. तो झटका म्हणजे वीज, हे समजण्यास पुढे सतराशे वर्षे लागली.

युरोपात अठराव्या शतकात काचेचा गोळा घासून ठिणगी पाडण्याची यंत्रे निघाली. १७४६ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन शहराच्या नावाने ओळखली जाणारी बरणी प्रसिद्धीस आली. आतून बाहेरून धातूचे अस्तर असलेली काचेची बरणी, तीत वीज साठवायची आणि पाहिजे तेव्हा एकदम सोडायची. त्याच वर्षी फ्रान्सच्या राजापुढे नोले नावाच्या पंडिताने १८० शिपाई हात धरून ओळीने उभे केले आणि त्यांच्यामधून बरणीतली वीज सोडली. सारेच्या सारे शिपाई एकदम उडाले. दरबारी मंडळींना मोठी मौज वाटली. ज्याची मौज होते त्याचे औषध व्हावयास वेळ लागत नाही. मेलेल्या हाताला असाच झटका दिला तर तो हलेल काय, हा विचार एकाच वेळी पुष्कळांच्या डोक्यात आला.

जिनीव्हा येथील झालाबेर या प्राध्यापकांनी १७४८ साली आपल्या प्रयोगांचे पुस्तक छापले. त्यांच्याकडे कुलुपे करणारा एक कारागीर आला होता. हातोड्याच्या घावाने त्याचा उजवा हात कित्येक वर्षांपासून निकामी झालेला. झालाबेर रोज त्याच्या हातातून ठिणग्या काढीत आणि एकेका स्नायूची हालचाल पाहून टिपून ठेवीत. हात सुधारू लागल्याचे त्यांनी लिहिले. ही वार्ता पसरताच पॅरिसमध्ये त्याच नोलेसाहेबांनी म्हाताऱ्या, लुळ्या शिपायांवर तो उपाय करून पाहिला. तेथे मात्र म्हणण्यासारखा गुण आला नाही.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. बेंजामिन फ्रँकलिन हे नाव आपण शाळेत ऐकलेले आहे. पतंग उडवून आकाशातली वीज ओळखणारे ते अमेरिकन गृहस्थ. पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या प्रांतांतून अर्धांगवायूचे रोगी त्यांच्या घरी येऊ लागले. फ्रँकलिन वैद्य नव्हते, छापखान्याचे मालक होते. पण दाराशी आलेल्या माणसाला नाही कसे म्हणावे? ते रोग्याला जमिनीपासून वेगळ्या ठेवलेल्या आसनावर बसवीत, लुळ्या अवयवातून मोठाल्या ठिणग्या काढीत, आणि मग दोन मोठ्या बरण्यांतली साठवलेली वीज त्या अवयवातून सोडीत. हे दिवसातून साधारण तीन वेळा चाले.

याचा वृत्तांत त्यांनी २१ डिसेंबर १७५७ रोजी लंडनहून डॉ. जॉन प्रिंगल यांना पत्राने कळविला. झटके दिले की लुळ्या अंगात ऊब येई. रात्री त्या भागात टोचल्यासारखे होते असे रोगी सकाळी सांगत. ज्याला पहिल्या दिवशी गुडघ्यावरून हात उचलवत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी चारपाच इंच उचली, तिसऱ्या दिवशी आणखी वर नेई, आणि पाचव्या दिवशी तर क्षीणपणे का होईना, डोक्यावरची टोपी काढी. घरच्या मंडळींना काय वाटले असेल याची कल्पना आपल्याला करता येईल. परंतु पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे. झटके असह्य होत, रोगी निराश होऊन घरी परते, आणि थोड्याच दिवसांत हात पुन्हा पहिल्यासारखा. अर्धांगात विजेने टिकाऊ गुण आलेला आपण पाहिला नाही, असे फ्रँकलिननी स्वच्छ लिहिले आहे.

एवढे लिहून ते थांबले असते तरी प्रामाणिकपणाबद्दल त्यांना नमस्कार करावा लागला असता. पण त्यांनी आणखी एक शंका टाकली. जो तात्पुरता गुण दिसला तो विजेचा की दुसऱ्याच कशाचा? रोगी एवढा प्रवास करून आला, रोज माझ्या घरापर्यंत येऊ लागला, त्या हालचालीचा तर हा गुण नसेल? किंवा आपण बरे होणार या आशेने त्याने हात हलविण्यासाठी अधिक जोर लावला, त्याचा असेल? याचे उत्तर आपण देऊ इच्छीत नाही, असे म्हणून त्यांनी विषय सोडला. भगिनींनो, हा विषय त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे कोणी नीट हाती घेतला नाही. सगळ्यांचे लक्ष ठिणगीकडे राहिले. माणूस स्वतः जोर लावतो की नाही, तिकडे कोणी पाहिले नाही.

पुढचा काळ मी भराभर सांगते. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी गरिबांसाठी विजेची यंत्रे ठेवली आणि १७६० साली त्यावर पुस्तकही काढले. इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गाल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर प्रयोग करून १७९१ मध्ये प्रसिद्ध केले की, प्राण्याच्या अंगातच वीज असते आणि तीच स्नायू हलविते. त्यांच्या पत्नी लुचिया या प्रयोगांत त्यांच्याबरोबर काम करीत. त्या १७८८ मध्येच वारल्या, पुस्तक निघालेले त्यांनी पाहिले नाही. मोठमोठ्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो, म्हणून मी येथे मुद्दाम नाव घातले. व्होल्टासाहेबांनी गाल्व्हानींशी वाद घालता घालता १८०० मध्ये बॅटरी जगापुढे आणली, आणि आता विजेचा प्रवाह पाहिजे तेवढा वेळ मिळू लागला.

गाल्व्हानींचा भाचा आल्दिनी याने १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये एक भयंकर प्रयोग केला. फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला त्याने बॅटरीच्या तारा लावल्या. प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळून हात वर आला. पाहणाऱ्यांची बोबडी वळली. मला हे वाचताना शहारे आले, पण एक गोष्ट लख्ख कळली. स्नायू ताजा असला तर विजेने प्रेताचाही हात हलतो. तेव्हा मशीन लावल्यावर आपल्या माणसाची बोटे उघडली म्हणून हात "आला" असे मानण्यास काहीच आधार नाही. ती बोटे वीज उघडते. तो माणूस उघडीत नसतो.

यानंतर फ्रान्समधील डॉ. दुशेन. त्यांचा जन्म १८०६ चा, बुलोन या बंदराच्या गावचा. पहिली पत्नी बाळंतपणानंतरच्या तापाने गेली, संसार विसकटला, आणि १८४२ मध्ये ते पॅरिसला आले. कोणत्याही रुग्णालयात त्यांना मोठे पद नव्हते. स्वतःच तयार केलेले विजेचे यंत्र बरोबर घेऊन ते एका रुग्णालयातून दुसऱ्यात हिंडत, आणि लुळेपणाचा रोगी दिसला की त्याच्याजवळ बसत. पूर्वी सगळ्या हाताला एकदम झटका बसत असे. दुशेन यांनी ओलसर केलेल्या दोन गाद्या कातडीवर ठेवून नेमक्या एकाच स्नायूत प्रवाह पोहोचविण्याची रीत बसविली. १८५५ साली त्यांचा त्यावरील ग्रंथ निघाला. आज आपल्या घरच्या यंत्राला ज्या दोन चिकटपट्ट्या असतात त्यांची ही पणजी म्हणावयास हरकत नाही.

दुशेन यांच्या तपासणीत एक फार उपयोगी गोष्ट ठळक झाली. मज्जातंतूच तुटून स्नायू लुळा पडला असेल तर तो या विजेला दाद देत नाही. पण मेंदूतील इजेने लुळा पडला असेल तर स्नायू विजेने उत्तम हलतो. म्हणजे मी वर सांगितलेली दिवा आणि फळीची परीक्षाच ती. आणि या परीक्षेतच अडचणही होती. दिवा पेटवून दाखविता आला, पण फळी कशी दुरुस्त करावी हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे लोकांनी या विजेचा बाजार मांडला. अंगात शक्ती यावी, नसा ताज्या व्हाव्या, म्हणून विजेचे कमरपट्टे जाहिराती करून विकले गेले आणि शहाण्या वैद्यांचा या उपायावरचा विश्वास पुष्कळसा उडाला. हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे असे नाही.

मेंदूत हुकूम नेमका कोठून सुटतो ते कळले १८७० साली. जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग या दोन तरुण वैद्यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूच्या पुढल्या भागास अगदी सौम्य प्रवाह लावला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. जागा बदलली की दुसरा अवयव हले. प्रयोगशाळेत सोय नसल्यामुळे हे प्रयोग चक्क राहत्या घरात केले गेले. घरातल्या बाईने ते कसे खपवून घेतले, ते मात्र कोठे वाचावयास मिळाले नाही. असो. यातून मेंदूवरच्या जागांचा जणू नकाशाच तयार होऊ लागला. येथे हात, येथे पाय, येथे जीभ. परंतु त्याबरोबर एक घट्ट समजूतही बसली की, नकाशातले एखादे गाव जळाले की ते कायमचे गेले. मोठ्या माणसाचा मेंदू बदलत नाही, असे पुढे कित्येक वर्षे शिकविले जात होते. सहा महिन्यांत जे आले ते आले, पुढे आशा करू नका, हे वाक्य आपल्यापैकी काहींनी स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे. त्याचे मूळ या समजुतीत आहे.

आपल्याकडे फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाले. त्या वेळी पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांची काळजी मुख्यतः डोळ्यांसमोर होती. अर्धांगवायूचे म्हातारे रोगी त्या मानाने मागेच राहिले. म्हाताऱ्या माणसाचा हात आला काय आणि न आला काय, अशी वृत्ती सगळीकडेच असते.

१९६१ मध्ये अमेरिकेत लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी एक युक्ती काढली. अर्धांगवायूच्या रोग्याचा पाय चालताना घोट्यात उचलला जात नाही, चवडा जमिनीवर फरफटतो आणि माणूस अडखळून पडतो. लिबरसन यांनी बुटाच्या टाचेत एक बटण बसविले. टाच जमिनीवरून उचलली की बटण सुटे, गुडघ्याखालच्या मज्जातंतूस प्रवाह मिळे आणि चवडा वर उचलला जाई. टाच टेकली की प्रवाह बंद. म्हणजे वीज आता वाटेल तेव्हा येत नव्हती, पाऊल टाकण्याच्या वेळी येत होती. हे यंत्र केवळ आधारासाठी, चष्म्यासारखे, बनविलेले होते. परंतु लिबरसन यांना आढळले की, काही रोग्यांना यंत्र काढल्यावरही थोडा वेळ आपले आपण पाऊल उचलता येते. चष्मा काढल्यावर दिसावे तसेच हे झाले. पुढे युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथे अशी यंत्रे पुष्कळ रोग्यांना लावली गेली. पण गुण मागे का रेंगाळतो, हे कोडे उरलेच.

त्याच सुमारास एका घरात विजेशिवायच एक गोष्ट घडली, ती मला कितीदाही सांगावीशी वाटते. पेद्रो बाख-इ-रीता हे न्यूयॉर्कमधील पासष्टीचे कवी आणि प्राध्यापक. १९५९ च्या सुमारास त्यांना मोठा झटका आला. अर्धे अंग गेले, वाचाही गेली. डॉक्टरांनी आशा सोडली. त्यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकीच्या शाळेत होता. तो वडिलांना आपल्याकडे घेऊन गेला. त्याला या रोगाची शिकवण नव्हती, म्हणूनच कदाचित निराशाही नव्हती. लहान मूल आधी रांगते, मग चालते. तेव्हा त्याने वडिलांना गुडघ्यावर बसवून रांगावयास लावले. शेजाऱ्यांना ते लाजिरवाणे वाटले. प्राध्यापक माणसाला कुत्र्यासारखे रांगवतो म्हणून त्यांनी नावे ठेवली. मुलाने जमिनीवर गोट्या टाकून त्या पकडावयास लावल्या. भांडी घासताना दुबळ्या हाताने पातेले पकडून आत हात फिरवायचा, पंधरा मिनिटे एका दिशेने, पंधरा मिनिटे उलट दिशेने. आपण रोज ज्या कामाला कंटाळतो ते काम त्यांचे औषध झाले. वर्षभरात ते पुन्हा शिकविण्याइतके बरे झाले आणि पुढे महाविद्यालयात रुजू झाले. बहात्तराव्या वर्षी कोलंबियातील डोंगर चढत असताना हृदयविकाराने ते गेले.

त्यांच्या मेंदूची नंतर तपासणी झाली. दुसरे चिरंजीव पॉल हे मेंदूचेच शास्त्रज्ञ होते. त्यांना ते पाहून धक्का बसला. इजा तशीच होती, भरून आलेली नव्हती. मेंदूकडून खाली जाणारे बहुतेक तंतू नष्ट झालेले होते. म्हणजे जळालेले गाव जळालेलेच राहिले होते. उरलेल्या वाटांनी मेंदूने दुसरा रस्ता पाडला होता.

पुढे शास्त्रज्ञांनी याचा पाठपुरावा केला. टॉब नावाच्या संशोधकांनी दाखविले की, लुळा हात काही अंशी इजेने आणि काही अंशी न वापरल्याने निकामी होतो. चांगल्या हाताने काम भागते, मग दुबळा हात मांडीवर पडून राहतो, आणि मेंदू त्याला विसरतो. उपाय असा की, चांगल्या हाताला जाड मोजा चढवून ठेवायचा आणि दुबळ्याकडून काम करून घ्यायचे. अमेरिकेत २२२ रोग्यांवर, दोन आठवडे हा उपाय करून पाहिला गेला आणि २००६ मध्ये त्याचा चांगला निकाल प्रसिद्ध झाला. मात्र ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक आहे त्यांच्यासाठीच हा उपाय आहे. १९९६ मध्ये नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूत पाहिले की, लहानशा इजेनंतर हाताला सराव दिला नाही तर शेजारची शाबूत जागाही हाताकडून निघून जाते. सराव दिला तर ती टिकते, कधी पलीकडच्या खांदा-कोपराच्या जागेतही हात पाय पसरतो.

मेंदू न उघडता आत पाहण्याची सोयही याच काळात झाली. १९९० मध्ये जपानचे ओगावा यांनी चुंबकाच्या यंत्राने मेंदूतील रक्ताच्या बदलावरून काम करणारा भाग ओळखता येतो हे दाखविले. १९९५ मध्ये बिस्वाल यांना आढळले की, माणूस नुसता स्वस्थ पडला असतानाही डाव्या आणि उजव्या बाजूंचे हात हलविणारे भाग एकाच लयीत चढउतार करीत असतात. दोन जावा वेगवेगळ्या खोल्यांत असूनही एकमेकींचा अंदाज घेत असाव्यात तसे. यालाच मेंदूतील जोडणी म्हणतात. अर्धांगवायूनंतर ही लय बिघडते, आणि ज्यांची दोन्ही बाजूंची जोडणी बरी राहते त्यांचा हातही बहुधा बरा चालतो. तेव्हा लुळेपणा हा केवळ जळालेल्या तुकड्याचा नाही, तुटलेल्या संबंधांचाही आहे, असे आता मानतात.

येथे घरची गोष्ट थोडक्यात सांगते. माझ्या सासूबाईंना सहा वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारे गेले. यंत्र घरी आणून देणाऱ्याने चिकटपट्ट्या कोठे लावायच्या एवढे दाखविले आणि पैसे घेऊन तो गेला. बहुतेक घरी यंत्र लावले की रुग्ण टीव्ही पाहतो किंवा डुलकी काढतो, आणि वीस मिनिटे झाली की पट्ट्या निघतात. माझी भाची सुटीत आली तेव्हा तिने टीव्ही बंद केला आणि आजींसमोर बसून म्हणाली, "आजी, मी 'उघडा' म्हटले की मूठ तुम्ही उघडायची. मशीन तुमच्या मदतीला येईल, तुमच्याऐवजी नाही." आजी चिडल्या. उघडत असते तर मशीन कशाला आणले असते, असा त्यांचा रोकडा सवाल. पण नात म्हणून ऐकले. प्रवाह येण्याआधी क्षणभर जोर लावायचा, मग प्रवाह, आणि हाती लगेच वाटी धरायची, असे तीन महिने रोज चालले. सासूबाई आज उजव्या हाताने वाटी धरतात, टॉवेल पिळताना दुसरे टोक पकडतात. निऱ्या घालता येत नाहीत आणि सुईत दोरा ओवता येत नाही. आहे हे असे आहे.

भाची जे बोलली ते तिच्या पदरचे नव्हते. बऱ्याच वर्षांपासून अशी यंत्रे तपासली जात होती की, रोग्याने जोर लावल्यावर स्नायूत जी अगदी अंधुक खूण उमटते ती ओळखूनच ती प्रवाह सोडतात. जोर नाही तर वीज नाही. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्याच्याही पुढची पायरी गाठली आणि २०१८ मध्ये निकाल छापला. झटका येऊन बराच काळ लोटलेले २७ रोगी त्यांनी घेतले. डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी आणि हातावर विजेच्या पट्ट्या. अर्ध्या रोग्यांना, हात उघडण्याचा प्रयत्न मेंदूत उमटला की त्याच क्षणी प्रवाह मिळे. उरलेल्यांच्याही डोक्यावर तीच टोपी, हातावर त्याच पट्ट्या, पण प्रवाह त्यांच्या प्रयत्नाशी न जुळता केव्हाही येई. आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे. हाताच्या चाचणीत ६६ पैकी पहिल्या गटाचे सरासरी साडेसहा गुण वाढले, दुसऱ्याचे दोनच्या आसपास. पहिल्या गटाची सुधारणा सहा महिने ते वर्षभरानंतरही टिकून होती, आणि इजा झालेल्या बाजूतील हालचालीच्या भागांची परस्पर जोडणी वाढलेली दिसली. टोपी तीच, वीज तीच. फरक पडला तो वेळेने. मनाचा हुकूम वरून आणि हाताची हालचाल खालून, दोन्ही एकाच क्षणी मेंदूत पोहोचल्या म्हणजे त्यांची गाठ बसते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

२७ रोगी म्हणजे फार नव्हेत, आणि साडेसहा गुण म्हणजे पूर्ण हात नव्हे. टोपीची यंत्रे आपल्या गावात येण्यासही वेळ लागेल. परंतु फ्रँकलिननी १७५७ साली जी शंका अर्धवट सोडली होती तिच्याजवळ शास्त्र पुन्हा येऊन बसले आहे, एवढे यातून नक्की दिसते.

आता व्यवहाराचे दोन शब्द. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे, ज्यांना फिट्स येतात, किंवा ज्या जागी जखम आहे, तेथे डॉक्टरांना विचारल्याखेरीज यंत्र लावू नये. कातडी बधिर असेल तर भाजल्याचेही रोग्याला कळत नाही, म्हणून पट्टी काढल्यावर त्वचा पाहावी. आणि तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडे बोलणे यांपैकी काही अचानक दिसले तर तेल, मालिश, नजर उतरणे यांत एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

माझी भाची दिवाळीच्या सुटीत येणार आहे. मंडळाच्या सभागृहात एक दिवस यंत्र आणून, पट्ट्या कोठे लावायच्या आणि रुग्णाकडून प्रयत्न कसा करून घ्यायचा, ते प्रत्यक्ष दाखविण्याचे तिने कबूल केले आहे. ज्यांच्या घरी रुग्ण आहेत त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत, आणि येताना डॉक्टरांचे कागद व घरचे यंत्र बरोबर आणावे. रुग्णालाही आणता आले तर फार बरे. जिना चढवणार नसेल त्यांच्यासाठी मागच्या दाराने खुर्ची आत घेण्याची व्यवस्था केलेली आहे.